निळ्या झाकणाचं यंत्र

बाळंतपणाच्या रजेवरून परतले आणि बँकेत माझ्याकडे पाहणीचं काम आलं. कर्जातून घेतलेली यंत्रं कारखान्यात जाऊन पाहायची, अहवालावर सही करायची. ती सही झाली की कर्जाचा उरलेला हप्ता सुटतो.

त्या दिवशी शेडमध्ये सहा पॅकिंग यंत्रं ओळीत उभी होती. "कालच बसवली, मॅडम," मालक म्हणाला. मी वाकून पाहिलं. जमिनीत एकही बोल्ट नव्हता. वायरी लोंबत होत्या आणि भिंतीवर विजेचा पॉइंटच नव्हता. पाच यंत्रांची झाकणं हिरवी, एकाचं निळं.

निळं झाकण मी महिन्यापूर्वी पाहिलं होतं, दुसऱ्याच कर्जदाराच्या फायलीत, फोटोत. तेव्हा लेकीला ताप होता. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "जा तुम्ही घरी. फोटो आहेत ना, सही करून टाका." किती समजूतदार माणूस, असं वाटून मी सही ठोकली होती. आता यंत्राच्या पट्टीवरचा नंबर मोबाइलमधल्या त्या फोटोशी ताडला. तोच.

परतताना गाडी साहेबच चालवत होते.

"सर, यंत्रं फिरतायत."

"फिरायलाच असतात ती."

"या शेडमधून त्या शेडमध्ये?"

ते हसले. "मूल झाल्यापासून तुम्हाला जिथे तिथे धोका दिसतो. आमच्या हिचंही तसंच झालं होतं." मग सिग्नलला थांबल्यावर सहज विचारल्यासारखं म्हणाले, "पहिल्या अहवालावर सही कुणाची आहे हो?"

शाखेत पिशव्या शिवणाऱ्या मावशी बसल्या होत्या. ही त्यांची चौथी खेप. त्यांच्या दोन शिलाई मशिनी मी चालताना पाहिल्या होत्या, कानठळ्या बसाव्यात अशा. तिसरीसाठी कर्ज हवं होतं.

"या तिमाहीचे पैसे संपले, मावशी," क्लार्क म्हणाला.

"मेले जातात तरी कुठे दरवेळी?"

मला माहीत होतं कुठे जातात. मी खाली मान घालून फाइल उघडली.

नव्या पाहणीचा अहवाल पंधरा मिनिटांत झाला. जुन्या अहवालाबद्दलच्या पत्रात दुपार गेली. "मी प्रत्यक्ष गेले नव्हते" हे वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. पाळणाघराची फी, घराचं भाडं, सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं. चौथ्यांदा तसंच ठेवलं आणि दोन्ही कागद मुख्य कार्यालयाला पाठवले.

आठवड्यात पत्र आलं. साहेबांची बदली, माझं निलंबन, आणि चौकशी संपेपर्यंत शाखेनं कुणालाही नवं कर्ज द्यायचं नाही. कुणालाही.

लेकीला भरवत होते तेव्हा मावशींचा फोन आला.

"ताई, चौकशी किती दिवस चालते हो? शाळा उघडायच्या आत मला दोनशे दप्तरं द्यायचीत."

"वर्षभरसुद्धा चालते, मावशी."

पलीकडे मशीन धडधडत होती. ती थांबली.

"मग ऑर्डर परत करते," त्या म्हणाल्या. "उगाच त्यांना तरी कशाला लटकवायचं."