दहा मिनिटांचा ताव

भगवंतनं लाल रंगाचा डबा उघडला आणि रुळाच्या जोडावर दोन ठळक फुल्या मारल्या. संघपाल शेजारीच उभा होता. भगवंतचं काम तपासणीचं. यंत्र रुळावरून फिरवायचं. लोखंडात पोकळी असली की पडद्यावर उभी रेघ उठते. इथे तीन उठल्या होत्या.

"मशीन सांगते थे लिवा लागते भाऊ," भगवंत ओशाळून म्हणाला.

"लिव ना बाप्पा. तुले कोन अडवून राहिलं?"

जोडाशेजारी संघपालचा नंबर ठोकलेला होता. रेल्वेत प्रत्येक वेल्डरला नंबर असतो आणि त्यानं केलेल्या जोडावर तो महिन्या-वर्षासकट उमटवावा लागतो. सोळा वर्षांत संघपालच्या नंबराचे हजारावर जोड बदनेरा-अकोल्याच्या पट्ट्यात पडले होते. त्यांतले तीन बाद झाले. हा चौथा. आधीच्या तिघांची कारणं त्याला शोधावी लागली होती. या चौथ्याचं त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं.

बारा दिवसांपूर्वी भर एप्रिलच्या उन्हात, काटेपूर्णेच्या पुलाच्या अलीकडे हा जोड केला होता. गाड्या थांबवून कामाला जो वेळ मिळतो त्याला ब्लॉक म्हणतात. मागितला होता दीड तास, मिळाली पंचावन्न मिनिटं. दोन रुळांच्या टोकांत बोटभर फट ठेवायची, तिच्याभोवती साचा बसवायचा, मातीनं लिंपून घ्यायचा आणि पेट्रोलच्या बर्नरनं टोकं लालबुंद होईस्तोवर तापवायची. त्याला किमान दहा मिनिटं. मग वरच्या मुशीतल्या, म्हणजे जाड भांड्यातल्या, भुकटीला काडी लावायची. भुकटी पेटते, उकळते, आणि पांढरंफेक वितळलेलं पोलाद फटीत उतरतं. रूळ आधी पुरता तापलेला नसेल तर ते वरवर चिकटतं, आतून एकजीव होत नाही.

सहाव्या मिनिटाला कामावर देखरेख करणारे वानखडे साहेब ओरडले होते, "उचल बर्नर!"

"सायेब, ताव नाई आला अजून. दहा पायजेत."

"मागे मालगाडी उभी आहे. कंट्रोलचा फोनावर फोन येऊन राहिला. उचल म्हणतो ना!"

संघपालनं बर्नर उचलला होता आणि काडी लावली होती.

आता त्या जोडाला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आवळल्या गेल्या आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ताशी तीस किलोमीटरचं बंधन लागलं. खराब जोड कापून काढायचा म्हणजे मध्ये रुळाचा नवा तुकडा घालावा लागतो. तुकड्याला दोन टोकं, म्हणून एका जोडाच्या जागी आता दोन जोड करावे लागणार होते.

सोमवारी सगळं सामान घेऊन टोळी पोचली. ब्लॉक रद्द. मंगळवारी साडेअकरापर्यंत बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसले, मग निरोप आला, आज नाही. बुधवारी तेच. दरवेळी मुशी, साचे, बर्नर, कापायचं यंत्र, सगळं खांद्यावरून वाहून आणायचं आणि तसंच परत न्यायचं. टोळीतला सगळ्यात जुना माणूस पुंजाराम. बुधवारी त्यानं मूस खाली आपटलीच.

"तिकडून इचारतात, बंधन कवा काढता. इकडं ब्लॉक देत नाईत. आमी का हवेत जोडाव रूळ?"

संघपालनं मूस उचलून सरळ ठेवली. बोलायला लागला असता तर थांबला नसता.

घरीही सुटका नव्हती. त्याची बायको दीक्षा अकोल्याच्या जठारपेठेत एका दवाखान्यात नर्स होती. रोज बदनेऱ्याहून गाडीनं जायची आणि नेमकी त्याच जोडावरून जायची.

"आज पुना वीस मिनिटं लेट," ती पर्स खुंटीला अडकवत म्हणाली. "डब्यातले लोक रेल्वेवाल्यायले शिव्या देऊन राहिले होते. मी खिडकीतून बायेर पायत बसली. का सांगू, थे माह्याच घरचं काम आहे म्हणून?"

"सांग ना. गळ्यात पाटी लटकव माह्या."

"माह्यावर कावून चिडता?"

"तुह्यावर नाई चिडलो."

"मंग कोनावर?"

त्यानं ताट पुढे ओढलं. मुगाची भाजी त्याला आवडायची, पण त्या दिवशी चव लागली नाही. वानखड्यांवर राग होता, कंट्रोलवर होता. पण रागाचा मोठा वाटा स्वतःवर होता आणि तो कुणाला दाखवण्यासारखा नव्हता.

गुरुवारी ब्लॉक मिळाला. पन्नास मिनिटांचा.

रूळ कापून झाला, तुकडा बसला, पहिल्या जोडाचा साचा चढला, तेव्हा सत्तावीस मिनिटं उरली होती. वानखडे साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"पाच मिनिटं तापव अन् लाव काडी."

संघपालनं भुकटीचं पाकीट हातात घेतलेलं होतं. ते त्यानं परत पेटीत ठेवलं आणि पेटीचं झाकण लावलं.

"काय झालं?"

"नाई होत सायेब. दहा मिनिटं तापवा लागते. मंग ओतल्यावर जादाचं लोखंड तोडाले, घासाले, थंड व्हाले टाइम पायजे. सत्तावीस मिनिटांत बसत नाई."

"मी सांगून राहिलो ना!"

"मांगच्या खेपेलेही तुमीच सांगतलं. नंबर माहा ठोकला."

पुंजाराम रुळाच्या पलीकडे जाऊन उगाच गिट्टी सारखी करू लागला. वानखड्यांचं तोंड उन्हानं आधीच लाल होतं, ते आणखी लाल झालं.

"लेखी रिपोर्ट करीन मी. काम नाकारलं म्हणून."

"करा. पन लिवताना ब्लॉक किती होता थेही लिवा."

त्या दिवशी दोन्ही टोकांना पट्ट्या आवळून ते परत आले. काम पुढे सरकण्याऐवजी मागे गेलं होतं. आधी एक कच्ची जागा होती, आता दोन झाल्या. गाड्या आणखी हळू चालवायचा हुकूम निघाला. शुक्रवारी दीक्षा पाऊण तास उशिरा पोचली आणि तिच्या हजेरीवर लाल शेरा पडला. घरी आल्यावर ती तक्रार न करता स्वयंपाकाला लागली, त्याचंच त्याला जास्त लागलं.

शनिवारी एक तास चाळीस मिनिटं मिळाली. कशी मिळाली, कुणाला कळलं नाही. संघपालनं पुंजारामच्या हातात घड्याळ दिलं. "दहा झाल्याबिगर मले सांगू नको." टोकं लाल झाली, मग केशरी. मूस उकळली, पोलाद उतरलं. भगवंतनं यंत्र फिरवलं. पडदा कोरा राहिला. पण एकच जोड झाला. दुसऱ्यासाठी मंगळवार उजाडला. तोही साफ निघाला आणि बंधन उठलं.

कुणी चांगलं म्हटलं नाही. बुधवारी त्याला कागद मिळाला: जोड बाद का झाला, आणि काम का नाकारलं, याचा खुलासा तीन दिवसांत द्यावा.

जेवणं झाल्यावर त्यानं लिहिलं, आणि दीक्षाला वाचायला दिलं. मागितलेला ब्लॉक, मिळालेला ब्लॉक, तापवायची मिनिटं, साहेबांचा हुकूम, सगळं होतं. शेवटची ओळ होती: 'रूळ पूरेसा तापलेला नाही हे माहीत असूनही मी काडी लावली, ही माझी चूक आहे.'

"हे कायले लिवलं?" ती म्हणाली. "आपल्याच गळ्याले फास."

"मीच लावली ना काडी."

"मंग त्या सायेबायले का होईन?"

"का होईन थे होवो. मी अर्धं खरं लिवून नाई देनार."

तिनं कागद परत दिला. "'पुरेसा'तला उकार दीर्घ झाला," एवढंच म्हणाली.

सकाळी वानखड्यांनी खुलासा दोनदा वाचला. "ब्लॉकचं काढून टाक यातलं. बर्नरचा दाब कमी पडला असं लिही. तुझंही मिटेल, माझंही."

"नाई सायेब."

"चिडून राहिला तू उगाच."

"चिडलोच आहे," संघपाल म्हणाला. "पन कागदात चिडका शब्द एक नाई. पाहून घ्या."

वानखड्यांनी कागद ड्रॉवरमध्ये सरकवला. तो वर गेला की तिथेच राहिला, संघपालला नंतरही कळलं नाही. त्याला दंड झाला नाही आणि क्लीन चिटही मिळाली नाही. त्याच्या नावापुढे बाद जोडांचा आकडा मात्र चार झाला.

पुढच्या आठवड्यात मोर्शीकडच्या लाईनवर काम निघालं. टोळी गाडीत सामान चढवू लागली. संघपाल मुशीला हात न लावता फाटकाशी उभा राहिला.

"चाल ना भाऊ, कायची वाट पायतं?" पुंजाराम म्हणाला.

"ब्लॉक किती मिनिटांचा, थे लेखी आलं का?"

"नाई अजून."

"मंग राहू दे सामान खाली," संघपाल म्हणाला आणि ऑफिसच्या पायऱ्या चढायला लागला.