पुढे गेलेली घड्याळं

तिने टॅबलेटची काच ओढणीने पुसली आणि तो बाबांच्या पलंगाला लावलेल्या टेबलावर पुन्हा सरळ उभा केला. पडद्यावरच्या एका चौकटीत बाबा होते. दुसरी काळीच होती.

"दाढी केली ती फुकटच," बाबा म्हणाले.

"दादा येईल हो, बाबा."

आई गेली तेव्हा दादा परदेशातून उशिरा पोचला, तेव्हापासून बापलेकांत अबोला होता. आजच्या ऑपरेशनची डॉक्टरांनी शाश्वती दिली नव्हती. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी दोघांच्या मिनतवाऱ्या करून तिने सकाळी दहाची ही पडद्यावरची भेट ठरवली होती.

भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची नजर गेली. दहा वाजून गेले होते, आणि तिच्या एकदम लक्षात आलं. पंधरवड्यापूर्वी निघालेल्या सरकारी हुकुमाने, यंदा पहिल्यांदाच, कालच उन्हाळ्यासाठी साऱ्या शहराची घड्याळं तासभर पुढे केली होती. इस्पितळाचा हा भेटींचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. ठरलेली वेळ लगेच साऱ्या जगाला एकच असलेल्या जागतिक वेळेत बदलून साठवायची, म्हणजे देशोदेशीचा घोळ नको, असं ती कामावरच्या नव्या मुलांना शिकवायची. ही वेळही तशीच साठवली गेली, जुन्या घड्याळाच्या हिशोबाने. घड्याळं पुढे गेली, भेट जागची हलली नाही. जुन्या दहाचे आता अकरा झाले होते; दादा इथल्या अकराला येणार होता.

तिने फोन लावला. बंद. कारखान्यात शिरताना दादाला फोन जमा करावा लागे, आणि पाळी संपवूनच तो भेटीला येणार होता.

"बाबा, चूक माझी आहे. काल घड्याळं बदलली, ते माझ्या प्रोग्रामने धरलंच नाही. त्याला तासभर उशिराची वेळ गेलीय."

बाबा हसले. "लहानपणी काचा तो फोडायचा आणि 'मी फोडली' म्हणत तू पुढे यायचीस."

"खरंच सांगतेय, बाबा."

"किती पांघरूण घालशील गं त्याच्यावर? आता घड्याळावर ढकलायला लागलीस."

दारात दोन कर्मचारी आणि एक परिचारिका आले.

"सिस्टर, थोडं थांबता येईल?"

"डॉक्टर तयार होऊन उभे आहेत, ताई."

बाबांनी तिचा हात थोपटला. "त्याला सांग..." ते थांबले. "जाऊ दे. काही नको सांगूस."

पलंग वळला. चाकांचा आवाज लांबवर जाईपर्यंत ती उभीच राहिली.

अकराला पाच मिनिटं असताना काळी चौकट उजळली. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस ओले करून विंचरले होते.

"छोटे, बाबा कुठायत?" त्याने आवाज खाली आणला. "बघ, आज मी वेळेआधी आलोय."