यंत्रबगळा आणि फागूआजाची कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, मित्रांनो. माहेर माझे जपानचे आणि सासर खोडाळ्याचे. माझा मालक फागूआजा सांगतो, की मला एका माशाने गिळले होते आणि वसईच्या बाजारात तो मासा त्याने चिरला. खरे तर तो भिवंडीच्या भंगार गोदामात मजुरी करत होता, तिथे मी त्याला सापडले. पण माशाची गोष्ट मलाही जास्त आवडते, म्हणून मी ती कधी खोडून काढली नाही.

माझ्या पोटात यंत्राच्या बगळ्याचे जपानी कार्टून आहे. बाजाराच्या दिवशी फागूआजा भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर लावी. जपानी कुणाला कळणार? मग सगळ्यांचे आवाज तोच काढी. त्याचा बगळा खेकडे शोधत मोखाड्याचा घाट उतरे आणि माणसे हसून लोळत. काय माझा तोरा होता तेव्हा!

पुढे घरोघरी मोबाइल आले आणि मला कुणी विचारीना. त्याच्या बायकोने, धोंडीआजीने, मला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कणगीत पुरले. म्हणाली, "नागलीला कीड लागत नाय, हिलाही नाय लागायची."

यंदा त्यांची नात हर्षाली मला शोधत आली. जुनी जपानी कार्टून जपणारा एक ऑनलाइन संग्रह तिने पाहिला होता. तिथे बगळ्याचे बाकीचे भाग होते, शेवटचा मात्र कुठेच मिळत नव्हता. तो माझ्यात होता! तिने दुरुस्तीवाल्याकडून जुना व्हीसीआर आणून मला आत सारले. कर्रर्र! माझ्या चाकांत नागली अडकली होती. आणखी रेटले असते तर फीत तुटून तो भाग कायमचा गेला असता.

हर्षालीने मला बाहेर काढून माझे स्क्रू सैल केले. धोंडीआजीने सूप आणले आणि मला चक्क पाखडायला घेतले.

"आजी, ती काय भात आहे?"

"मंग ह्ये काय पडतंय, तुझा जपान?"

सुपात मूठभर नागली जमली. मग मी चालले. खरखरत, खोकत, पण शेवटच्या चित्रापर्यंत चालले. हर्षालीने माझी नक्कल संग्रहात चढवली.

थोड्या दिवसांनी जपानी जाणणाऱ्या कुणीतरी अर्थ लिहून पाठवला. बगळा खेकडे शोधतच नव्हता. तो शोधत होता त्याला घडवणाऱ्या म्हातारीला, आणि शेवटी ती त्याला भेटते.

फागूआजाने तो अर्थ शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाला, "गोष्ट बरी हाय. जरा खोटं कमी पडलंय."

हर्षालीने त्याच्या आवाजातला बगळाही रेकॉर्ड करून संग्रहात ठेवला आहे.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या कॅसेटी चालतात तोवर त्यांची नक्कल करून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्याची गोष्ट आजच रेकॉर्ड करा. उद्या विचाराल तर तो वेगळीच सांगेल.