पाठ केलेली लक्षणं

गॅसवर दूध ठेवून ऋतुजा बाहेरून कडी लावून कॉलेजला निघून गेली. आत सासरे एकटेच झोपलेले होते. शेजाऱ्यांना जळका वास आला म्हणून म्हातारा वाचला.

गेवराईच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईकडून असं व्हावं, याचं लोकांना नवल वाटलं, घरच्यांना नाही. किल्ल्या, मोबाइल, मुलीला शाळेतून आणायची वेळ, सगळंच ती विसरायची. पेपर तपासायचे अर्धे टाकून भांडी घासायला उठायची आणि भांडीही अर्धीच राहायची.

"आता इलाज करायचा का नुसतं एकमेकांवर ओरडत बसायचं?" नवरा, आदिनाथ, म्हणाला.

इंटरनेटवर तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नसल्याचा विकार, हा शब्द सापडला. लक्षणं वाचताना कुणीतरी आपलीच चहाडी केल्यासारखं तिला वाटलं. तिने मोबाइलवर व्हिडिओ कॉलने एक डॉक्टर गाठला. तिचं बोलणं पुरं होण्याआधीच त्याने गोळी लिहून दिली. ती बोलत असतानाही त्याचं तोंड हलत होतं. गडी जेवत असावा असा तिला दाट संशय आला. ती गोळी तिने घेतली नाही.

मग बीडमधलं एक मेंदूतपासणी केंद्र. तिथे डोक्याला तारा लावल्या, पडद्यावर रंगीत चित्र काढलं. त्यातल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून तिथला माणूस म्हणाला, "हे बघा, इथून लक्ष पळतं." रोज घ्यायला त्याने पांढऱ्या पुड्या दिल्या.

"यात काय आहे?"

"मॅडम, विश्वास ठेवा. विश्वासानंच गुण येतो."

तिथेच तिचा विश्वास उडाला. घरी येऊन तिने नणंदेला, वनमालाला, गाठलं. नवरा वारल्यापासून वनमाला माहेरीच राहत होती. लई टापटिपीची बाई. तिची एक वस्तू कधी जागची हलली नव्हती.

"ताई, तुमी त्या केंद्रात जाऊन या. डोकं दुखतंय म्हणा, बाकी काही सांगू नका."

"कावून? मला काय झालंय?"

"काहीच न्हाई. म्हणून तर जायचं."

प्रयोगशाळेत नव्या रसायनाची बाटली आली की ऋतुजा आधी साध्या पाण्यावर तपासायची. पाण्यालाही रंग आला तर बाटली फेकून द्यायची.

वनमाला चित्र घेऊन आली. लाल ठिपका त्याच जागी, तेवढाच. "माझं पण लक्ष पळतंय म्हणे," ती म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या. हसून झाल्यावर ऋतुजा पुड्या मोरीत ओतून आली.

कॉलेजातल्या एका मैत्रिणीने बीडच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. घुमरे बाईंचं नाव सुचवलं. ऋतुजाने आधी त्यांची नोंदणी खरी आहे का ते पाहिलं. तरी मन मानेना. तिने पुन्हा वनमालाला पुढे केलं. या वेळी आपली सगळी लक्षणं तिच्याकडून पाठ करून घेतली. एवढ्यावर डॉक्टरने गोळी लिहिली, तर तीही बाटली फेकायची.

दवाखान्यात वनमाला आत गेली आणि ऋतुजा बाकावर बसली. बराच वेळ झाला. दार उघडलं तेव्हा वनमालाचे डोळे लाल झाले होते.

ऋतुजा ताडकन उठली. "काय केलं तिनं तुमाला?"

"काही न्हाई केलं. शेवटचं काय हरवलं, कुठं सापडलं, असं इचारलं. मला सांगताच येईना. मग म्हणल्या, हे तुमी पाठ करून आलात. पण झोप कधीपासून न्हाई?" वनमालाने पदराने नाक पुसलं. "हे गेल्यापासून मला कुणी इचारलंच न्हवतं बघ. मग मी सगळंच सांगून टाकलं. तुझं पण."

आतून हाक आली. ऋतुजा गेली. डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या, त्यामुळे ऋतुजाला जास्तच शंका आली.

"औषध कंपन्यांकडून तुम्हाला काय मिळतं?" तिने बसण्याआधीच विचारलं.

"त्यांची माणसं येतात, पेनं ठेवून जातात. मी कोणतं औषध का देते, ते तुम्ही दर वेळी विचारा. पटलं नाही तर घेऊ नका."

त्यांनी रक्तदाब मोजला, थायरॉइडची तपासणी सांगितली, झोपेबद्दल खोदून विचारलं. मग, हे लहानपणापासूनच असतं, असं म्हणून उमापूरला ऋतुजाच्या आईला, विमलबाईंना, फोन लावायला लावला.

"शाळेत असताना कशी होती?"

"एका पायात चप्पल घालून गेलती एकदा," विमलबाई म्हणाल्या. "दुसरी कुठाय म्हणलं, तर घातलीच न्हाई हे बी तिला ठाव न्हवतं. हुशार लई, पण मास्तर रोज रागं भरायचे."

आज औषध देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तपासण्या येऊ द्या, नवऱ्यालाही एकदा आणा. बाहेर पडताना ऋतुजा म्हणाली, "ताई, ही परत परत बोलवायची युक्ती तर नसंल?"

"मला तर बोलवलंच हाय," वनमाला म्हणाली. "मी येणार."

निदान एडीएचडीचंच निघालं. औषध सुरू झालं ते सगळ्या तपासण्या पाहून, थोड्या मात्रेने. विक्रीवर सरकारचे कडक नियम असल्याने ते एका ठरावीक दुकानातच मिळायचं. तिची भूक मेली. डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि घरात कामं कशी मांडायची ते शिकवायला एका समुपदेशक बाईंकडेही पाठवलं. तरी ऋतुजा मधेच एकदा संभाजीनगरला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेली. डॉ. घुमऱ्यांनी एक नाव सुचवलं होतं; त्यांनीच दिलेलं म्हणून तिने ते सोडून तिसऱ्याच डॉक्टरांना गाठलं. त्यांनी सगळं तपासलं आणि निदान तेच सांगितलं.

किल्ल्या अजूनही हरवतात. पण परवा वर्गात एक मुलगी अडखळत, लांबण लावत शंका विचारत होती. ऋतुजाने ती शेवटपर्यंत ऐकली. मधे तोडली नाही, खिडकीबाहेर पाहिलं नाही. मुलगी बोलायची थांबली तेव्हा आपल्याला पहिलं वाक्यही आठवतंय, हे तिच्या ध्यानात आलं. ती फळ्याकडे वळली आणि त्या पहिल्या वाक्यापासूनच उत्तर सांगायला लागली.