आई, मागे हो

माझी वहिनी कोर्टात साक्षी टाइप करते. सुट्टीवर असलेल्या एका पोलिसाने पार्किंगच्या भांडणात एका तरुणाला गोळी घालून ठार केलं, तो खटला तिच्यासमोरच चालला. मुलगा शेवटी काय बोलला, असं विचारल्यावर भांडणाच्या वेळी सोबत असलेली त्याची आई पुटपुटली. वहिनीने टाइप केलं, "मागे हो." दुसऱ्या दिवशी उलटतपासणीत आई म्हणाली, "तो मला म्हणाला, आई, मागे हो." पोलिसाचा वकील म्हणाला, 'आई' हा शब्द कालच्या साक्षीत नव्हता; 'मागे हो' ही धमकी पोलिसालाच होती, म्हणून त्याने बचावासाठी गोळी झाडली.

त्या एका शब्दावरून गावभर वाद पेटला. जेवताना दादा आणि मीही हमरीतुमरीवर यायचो. वहिनी मुकाट्याने जेवायची.

पोलीस निर्दोष सुटला. दादा म्हणाला, "कागदावर होतं ना सगळं."

वहिनीने घास खाली ठेवला. "तिचा आवाज फार बारीक होता. पहिला शब्द मला ऐकूच आला नाही. रडणाऱ्या बाईला पुन्हा सांगा म्हणायला जिवावर आलं माझ्या."

त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. वहिनी मात्र काम करता करता मध्येच वळून मला विचारते, "भाऊजी, काही म्हणालात का?"