सरस्वतीबाईंची सायकल खाडीपूल चढते

मित्रांनो, मी एक जुनी, किरमिजी रंगाची लेडीज सायकल आहे. रंग बराच उडालाय, पुढच्या मडगार्डला पोचा आहे, टोपलीची एक बाजू तारेनं बांधलेली आहे. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण मला कुणाची कीव नको आहे. तुम्ही फक्त ऐका.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. सुट्या भागांच्या रूपात, खोक्यात बसून मी नेरुळच्या दुकानात आले आणि तिथं माझी जोडणी झाली. तिथल्याच शिरवणे गावच्या सरस्वतीबाईंनी मला त्यांच्या लेकीसाठी, प्रियासाठी घेतलं. सहा वर्षं मी प्रियाला शाळेत नेलं, क्लासला नेलं, कॉलेजला नेलं. तेव्हा दर रविवारी माझी अंघोळ व्हायची. पुढे प्रियाचं लग्न झालं, ती नाशिकला गेली आणि मी जिन्याखाली गेले. आठ वर्षं! माझ्या अंगावर छत्र्या टांगल्या, कांद्याची पिशवी अडकवली. साखळी गंजली, टायरमधली हवा गेली. सरस्वतीबाईंचा मुलगा दिपेश रबाळ्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. तो येता-जाता म्हणायचा, "आई, ही भंगारात दे ना. उगाच जागा अडवते."

मी मात्र हटले नाही. लोखंडाला हट्ट असतो.

मग एक फोन आला आणि सगळं बदललं.

सरस्वतीबाईंची थोरली बहीण बायजाबाई उलव्याला राहते. वय त्रेसष्ट. घसरून पडल्यामुळे तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी रोज वॉकर घेऊन चालायला सांगितलं. पण बायजाबाई खाटेवरून उठायलाच तयार नव्हती. दोन महिने ती खिडकीबाहेर बघत पडून होती. त्या दिवशी सरस्वतीबाई जिन्यात उभ्या राहून तिला फोनवर समजावत होत्या आणि मी खालून ऐकत होते.

"अगो बाय, उट. डाक्टर बोलतो ना, चाल म्हनून."

पलीकडचा आवाज मोठा होता. (त्यांच्या बोलीत 'गाडी'ची 'गारी' होते, 'पडशील'चं 'परशील' आणि 'मला'चं 'मना'.) "आपले पाय संपले आता, सरस्वती. तू तरी कुटं चालतंस? गारीत बसून येतंस, गारीत बसून जातंस. मनाच काय शिकवतंस?"

सरस्वतीबाईंनी आपल्या पायांकडे बघितलं. त्यांचं वय छप्पन्न. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"येत्या ऐतवारी मी सायकलवर येते," त्या म्हणाल्या. "शिरवन्यापासून तुज्या दारापर्यंत. मंग तू उटशील?"

"ये तर खरी," बायजाबाई हसली आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी सकाळी त्यांनी मला बाहेर काढलं. सायकल चालवायला त्या लहानपणीच शिकल्या होत्या. टायरमध्ये हवा भरली, फडक्यानं पुसलं आणि लगेच निघाल्या. पोटात फक्त एक कप चहा. टोपलीत बहिणीसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. सोबत पाणीसुद्धा नाही. घरची कामं उरकेपर्यंत नऊ वाजले होते. उशीर झाला म्हणून त्यांनी पाम बीच रोडवर सुरुवातीपासूनच जोर लावला. कुणीतरी मागे लागल्यासारख्या पेडल मारत होत्या. माझी सीट प्रियाच्या आठवीतल्या उंचीचीच राहिली होती, ती पुढे कुणी वर घेतलीच नाही, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला त्यांचे गुडघे पोटाशी यायचे. माझी कोरडी साखळी करकरत होती. त्या दिवसाचा अर्धा दोष माझा होता, हे मी मान्य करते.

बेलापूर सोडून आम्ही खाडीपुलाच्या चढाला लागलो. समोरून वारा, बाजूनं कंटेनरचे ट्रेलर. अर्ध्या चढावर त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा आला. पाय दगडासारखा झाला. त्या किंचाळल्या, तोल गेला आणि आम्ही दोघी कडेला कोसळलो. माझ्या मडगार्डला पोचा पडला तो तेव्हाच. भाकऱ्या रस्त्यावर पसरल्या. हातभर अंतरावरून एक ट्रेलर हॉर्न मारत गेला, तेव्हा माझे स्पोकसुद्धा थरथरले.

सरस्वतीबाईंनी फोन केला तसा दिपेश टेम्पो घेऊन आला. त्यानं आईला उचलून बसवलं, मला मागे टाकलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, काय गरज होती? हे काय वय आहे का सायकल मारायचं? काही झालं असतं म्हणजे?"

त्यांनी पदर गुडघ्यावर दाबला. गुडघ्यातून रक्त येत होतं. घरी उतरलो तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. एकजण हसली. सरस्वतीबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती आत गेली.

दोन दिवसांनी, पोटरीचं दुखणं जरा कमी झाल्यावर, त्या लंगडत मला घेऊन भैरूमामांकडे गेल्या. भैरूमामा शिरवण्यात तीस वर्षं सायकली दुरुस्त करतात. मूळचे साताऱ्याकडचे.

"मामा, हिला भंगारात घालू का?"

"का बरं? हिनं काय वाईट केलंय?" मामांनी माझं चाक फिरवलं, साखळी चाचपली. मग म्हणाले, "ताई, जरा बसून दाखवा."

त्या बसल्या. मामांनी मला धरून ठेवलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ही पोरीच्या मापाची सीट! असं उकिडवं बसून पंधरा किलोमीटर जायचं म्हटल्यावर पाय बोंबलणारच की."

त्यांनी सीट चांगली चार बोटं वर घेतली. "आता टाच पेडलवर ठेवा. पेडल खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. झाला? हां. आता चवडा ठेवून चालवा, गुडघा जरासाच वाकंल."

मग माझी साखळी रॉकेलनं धुतली, तेल दिलं, बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. आठ वर्षांनी माझं अंग मोकळं झालं. काम करता करता मामा बोलत होते. "गडी असो नाही तर बाई, पायाला सवय नसली आन् एकदम ताणलं की त्यो आखडतोच. घाई करू नका. पहिली दहा मिनटं बैलगाडीवानी चालवा. तहान लागायची वाट बघू नका, घोट घोट पाणी घ्या. आन् मधीच गोळा आला तर थांबायचं, चवडा आपल्याकडं ओढायचा, पोटरी चोळायची. तशीच दामटायची नाही."

"मंग जमंल?"

"पुढच्या रविवारी न्हाई जमणार. दीड म्हैन्यानं जमंल."

सरस्वतीबाईंना ते आवडलं नाही. पण त्यांनी ऐकलं.

मित्रांनो, पुढचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात अभिमानाचे. एक दिवसाआड सकाळी आम्ही निघायचो. आधी करावेपर्यंत, मग सीवूड्सपर्यंत, मग बेलापूरपर्यंत. निघण्याआधी त्या केळं खायच्या. परत आल्यावर जिन्याच्या पायरीच्या काठावर चवडे ठेवून टाचा हळूहळू खाली सोडायच्या आणि पोटऱ्या ताणायच्या. टोपलीत मीठ-साखर घातलेल्या लिंबूपाण्याची बाटली असायची. दिपेश बघायचा आणि मान हलवायचा. एकदा त्यानं मला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकून कामावर गेला. संध्याकाळी तो परत आला तेव्हा कुलूप तुटलेलं होतं आणि शेजारी हातोडी ठेवलेली होती.

"आई!"

"माजी काळजी करतंस, ते मना समजतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन कुलूप माज्या पायाला लावू नको."

त्यानंतर कुलूप आलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या मडगार्डवर एक लाल दिवा लागला. तो दिपेशनंच लावला होता.

सातव्या रविवारी सहा वाजता आम्ही निघालो. उन्हं यायच्या आत आम्ही बेलापूर गाठलं. तिथं त्या पाच मिनिटं थांबल्या, पाणी प्यायल्या, दोन बिस्किटं खाल्ली. मग पूल आला. पुन्हा तोच वारा, तेच ट्रेलर. अर्ध्या चढावर त्यांच्या उजव्या पोटरीत काहीतरी फडफडलं. पेडलमधून ते मलाही कळलं. पण या वेळी त्या थांबल्या. मला कठड्याला टेकवलं, उजवा पाय मागे घेऊन टाच जमिनीवर दाबली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मोटरसायकलवरून जाणारा एकजण ओरडला, "काकी, रिक्षा करा ना!"

"तूच कर, बाबा! तुलाच गरज हाय," त्या ओरडल्या.

फडफड थांबली. उरलेला चढ त्यांनी चालत, मला हातानं धरून पार केला. मित्रांनो, चालत जाणं म्हणजे हार नव्हे. ज्यांना तसं वाटतं, त्यांनी तो पूल एकदा चढून बघावा. माथ्यावर त्या पुन्हा बसल्या आणि उतारावर खाडीचा वारा आमच्या दोघींच्या अंगावर आला.

उलव्यात बायजाबाईचं घर तळमजल्यावर आहे. सरस्वतीबाईंनी मला दाराला लागून असलेल्या खिडकीखाली उभं केलं. घामानं भिजलेल्या, तोंड लाल झालेलं.

"कोनी सोरलं तुला?" आतून आवाज आला.

"कोनी नाय. ही बग."

सरस्वतीबाई आत गेल्या. मग खाट कुरकुरली. बायजाबाई कण्हली, सरस्वतीबाई "हलू, हलू" म्हणाल्या. वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला. एकदा. मध्ये लांब श्वास. पुन्हा एकदा. खाटेपासून दारापर्यंत नऊ पावलं होती. मी मोजली. शेवटच्या तीन पावलांना बायजाबाई रडत होती, पण थांबली नाही.

ती दारात आली. वॉकर सोडून तिनं माझं हँडल धरलं आणि सगळा भार माझ्यावर टाकला. मी घट्ट उभी राहिले. तिनं मला वरून खाली बघितलं आणि डोळे पुसत म्हणाली, "एवरी उंच सीट? परशील ना गो!"

दोघी बहिणी हसत सुटल्या.

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. साखळी असो की पोटरी, तिला जिन्याखाली टाकू नका आणि एका दिवसात ताणून तोडूही नका. तेल द्या, पाणी द्या, वेळ द्या, रोज थोडं काम द्या. आम्ही जुन्या आहोत, मोडीत निघालेल्या नाही. घंटी वाजतेय, ऐकू येत नाही का? बाजूला व्हा. आम्हाला पुढे जायचं आहे.