आईची चाल

माझ्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला एकच खुर्ची आहे, आणि ती मशीनला इतकी चिकटून आहे की बसलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते मला न बघताही दिसतं. गेल्या वर्षी एका दुपारी औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई पॅन्टची उंची कमी करून घ्यायला आली होती. 'पाच मिनिटांत देते' या माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ती बसली आणि मोबाइलवर कसलासा गेम खेळायला लागली. दोरा बदलताना मी सहज मान वर केली, तर तिच्या मोबाइलमध्ये आमची आई चालत होती.

चेहरा आईचा नव्हता. आईचे केस कापलेले होते, हिचा अंबाडा होता. अंगात पायघोळ हिरवा कोट, हातात कंदील. पण मी तीस वर्षं माणसांची मापं घेऊन पोट भरते, आणि कपडे बदलले म्हणून अंग बदलत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. डावं पाऊल जरा बाहेरच्या बाजूला पडत होतं. टेकण्याआधी ते क्षणभर थबकत होतं. आणि दर चौथ्या पावलाला उजवा हात बाजूला जाऊन भिंत शोधत होता. गेममधली ती म्हातारी मोकळ्या माळावरून चालली होती. आजूबाजूला भिंतीचा पत्ता नव्हता, तरी तिचा हात जात होता.

मी मशीन थांबवलं आणि त्या बाईला हा कुठला गेम म्हणून विचारलं. ती खुशीत सांगायला लागली. म्हातारी गावभर दिवे लावत फिरते, आपण तिच्या मागून जायचं, कुणाला काय हवं-नको ते बघायचं. मारामारी नाही, पळापळ नाही.

"मला ती आजी फार आवडते," ती म्हणाली. "अगदी खरी वाटते हो."

"खरीच आहे," मी म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

ती गेल्यावर मी भावाला फोन लावला. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून घरात त्याला सगळे धाकट्या म्हणतात, आता केस पिकायला आले तरी. त्याचा धंदा चित्रं हलती करण्याचा. माझं ऐकून घेऊन तो म्हणाला, ताई, म्हाताऱ्या बायका सगळ्या तशाच चालतात. मी म्हटलं, सगळ्यांच्या घरात भिंत उजवीकडे नसते. हे ऐकून तो ऑफिस सुटल्यावर थेट दुकानात आला.

त्या चालीची गोष्ट अशी. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि सत्तरीत ती पलंगापासून बाथरूमपर्यंत पुन्हा चालायला शिकली. मधला बोळ अरुंद होता आणि त्याची एकच भिंत धरण्यासारखी होती. त्याच दिवसांत धाकट्याने स्वतःचा एक छोटा गेम करायला घेतला होता आणि त्यात त्याला एक म्हातारी हवी होती. आई म्हणाली, मी रिकामीच आहे, मला काढ की. मग तीन आठवडे हा बोळात फतकल मारून काढत बसला आणि ती येरझारा घालत राहिली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दहा फेऱ्या सांगितल्या, तर आई चित्रासाठी वीस घालायची. डॉक्टरही म्हणाले, आजी, तुम्ही आमच्या अंदाजाच्या पुढे धावताय. कागदावर पेन्सिलीने चाळीस चित्रं झाली. ती एकामागून एक दाखवली की आई चालायची.

गेम काही पुरा झाला नाही. धाकट्याने ती चाल मात्र एका वेबसाइटवर टाकली, सगळ्या चित्रांची फाइलच ठेवली, आणि खाली लिहिलं, शिकण्यासाठी घ्या, विकायच्या कामात वापरू नका. दीड वर्षाने आई गेली.

पुढचं माझ्या हातून झालं. आईचं घर आवरताना मी कपाटावरचा कागदांचा गठ्ठा रद्दीत दिला. ती चाळीस चित्रं त्यातच होती. धाकटा म्हणाला, असू दे, कॉम्प्युटरवर आहेत. वर्षभरात त्याची हार्ड डिस्क बसली, आणि ती वेबसाइटही तोवर बंद झाली होती. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं, असं मला कितीदा वाटलं. त्याने फक्त माणसं काढणं सोडलं. साबणाच्या जाहिरातीतले फुगे, बँकेच्या ॲपमधली टुणटुण उडणारी बटणं, असली कामं घ्यायला लागला.

त्या संध्याकाळी माझ्या दुकानातल्या एकुलत्या खुर्चीवर बसून त्याने तो गेम आपल्या मोबाइलवर घेतला. आई आली, दिवा लावला, वळली, गेली. तो तिला पुन्हा पुन्हा चालवत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणापासून रागावला की त्याचे कानच आधी बोलतात.

"चाळीसच्या चाळीस आहेत, ताई," तो शेवटी म्हणाला. "एकही सोडलेलं नाही."

त्याने गेम बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. चार दिवसांनी गोड भाषेत उत्तर आलं, की ही चाल आमच्याच चित्रकाराने काढली आहे, वयस्कर माणसांच्या चालण्यात सारखेपणा असायचाच, तरी तुमच्याकडे मूळ चित्रं असतील तर जरूर पाठवा. तिथेच घोडं अडलं. मूळ चित्रं मी रद्दीत घातली होती. धाकटा म्हणाला, जाऊ दे, कोण मागे लागणार. मला मात्र चैन पडेना. शर्टाला उलटी बाही लावली, काजं चुकीच्या बाजूला पाडली, आणि मग एकदम आठवलं. व्यायामवाल्या बाईंना पाठवायला मी आईच्या चालण्याचा व्हिडिओ काढला होता. जुन्या फोनमध्ये तो सापडला. जेमतेम पन्नास सेकंदांचा.

आम्ही दोघं त्यांच्या ऑफिसात गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून खिडक्या झाकलेल्या, भिंतीवर टाचण्यांनी लावलेली घरं, झाडं, कुत्री, टेबलांवर कपांचे गोल गोल डाग. मालक चांगला आडव्या अंगाचा, पन्नाशीचा माणूस होता. अदबीने बोलला, पण सावधपणे. त्याच्या शेजारी त्यांची चित्रकार बसली होती. तिशीची असेल, केस अगदी बारीक कापलेले, लॅपटॉप छातीशी धरलेला. मी कंबर कसून गेले होते. काय काय बोलायचं ते बसमध्ये मनात घोकून ठेवलं होतं.

बोलायची वेळच आली नाही. धाकट्याने व्हिडिओ लावला. बोळातून आई निघाली आणि मागून माझा आवाज आला, 'सावकाश, आई. कुठे गाडी पकडायची नाहीये.' मालकाने तो एकदा पाहिला. मग स्वतः उठून शेजारच्या पडद्यावर गेममधली म्हातारी आणली आणि दोघींना एकाच पावलावर उभं करून एकदम सोडलं. डावं पाऊल बाहेर, दोघींचं. थबकणं, दोघींचं. चौथ्या पावलाला आईचा हात भिंतीवर टेकला, आणि शेजारच्या पडद्यावर तसाच हात हवेत टेकला.

मालकाने चित्र थांबवलं. चित्रकाराकडे न बघता त्याने विचारलं, "हा हात कशासाठी जातो?"

धाकट्यानेच सांगितलं, त्या बोळात भिंत उजवीकडे होती.

"मला वाटलं, ती तोल सावरतेय," चित्रकार हळूच म्हणाली. मग तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "मी घेतली. मी काढलेली नाही."

तिने सगळं सांगितलं, रडारड न करता. गेम बाहेर पडायला महिना उरला होता. मुलांची चाल जमली, पाववाल्याची जमली, कुत्र्याचीसुद्धा जमली, पण म्हातारीची काही केल्या जमेना. जी काढावी ती कमरेत वाकलेली तरुण बाईच दिसायची. शिकायला म्हणून उतरवून घेतलेली ही चाल तिच्याकडे होती. तिने तिला कोट घातला, अंबाडा घातला आणि स्वतःची म्हणून दिली. पुढे सगळ्या गेममध्ये कौतुक झालं ते याच चालीचं. ते कौतुक घशाखाली उतरत नव्हतं, म्हणाली.

मालक उभा राहिला. आडवळणं न घेता त्याने धाकट्याची माफी मागितली. तो म्हणाला, चाल तिने उचलली, पण तुमचं पत्र आल्यावर शहानिशा न करता उत्तर धाडलं ते मी, तेवढी चूक माझी. मी बसमध्ये घोकलेलं सगळं जागच्या जागी विरून गेलं. समोरचा माणूस असा सरळ वागला की भांडायला गेलेल्याची पंचाईतच होते.

तेवढ्यात त्या चित्रकाराने लॅपटॉप उघडून धाकट्याकडे वळवला. "मूळ फाइल माझ्याकडे आहे, पूर्ण," ती म्हणाली. "तुमचं पत्र आलं तेव्हा पुसून टाकणार होते. हात धजला नाही."

धाकट्याने खुर्ची पुढे ओढली. पेन्सिलीची चाळीस चित्रं, कागदाच्या सुरकुत्यांसकट. तो एक एक पुढे नेत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. अकराव्या चित्रावर तो थांबला. कोपऱ्यात आईच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी एवढी वाकत नाही. पुन्हा काढ.' काढलेली चित्रं ती तपासायची, हे मी पार विसरले होते. सतराव्यावर लिहिलं होतं, 'आता बरं. पण पाय एवढे जाड?'

धाकटा मोठ्याने हसला. हसता हसता त्याने कपाळ टेबलाच्या कडेला टेकलं आणि तसाच राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मालक स्वतः उठून पाणी आणायला गेला, आणि चांगला उशीर लावून आला. त्या उशिराबद्दल मी त्याचे आजही आभार मानते.

मग त्याने विचारलं, चाल काढून टाकायची की ठेवायची, तुम्ही म्हणाल तसं करू. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालू दे तिला, उगाच बसवून कशाला ठेवायची, पण नाव लावा. आठ दिवसांत गेमच्या शेवटी धाकट्याचं नाव आलं, खाली आईचंही, आणि ही चाल आधी विनापरवानगी घेतली होती हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. मोबदला रीतसर दिला. चित्रकाराला ठेवायचं की नाही, हेही मालकाने विचारलं होतं. धाकटा म्हणाला, ते घर तुमचं, तुम्ही बघा. तिला ठेवलं, पण त्या गेमवरून तिचं नाव काढलं. मला ते रास्त वाटलं.

आम्ही ऑफिसात गेलो त्या दिवशी ती चित्रकार आम्हाला सोडायला जिन्याने खाली आली होती. धाकटा पुढे गेला होता. तिला माझ्याकडून काही ऐकून घ्यायचं होतं असं दिसलं, म्हणून मी सांगितलं.

"कापड बेतायचा माझा फर्मा कुणी उचलला ना, तर मी त्याला दुकानाची पायरी चढू देत नाही. तू वाईटच केलंस. पण मी जे रद्दीत घातलं, ते तू जपून ठेवलंस. त्याचे तुझे उपकार आहेत माझ्यावर. दोन्ही खरं आहे, काय करणार?"

तिने मान हलवली. मला वाटतं, तिलाही दोन्ही पटलं.

धाकट्याने फुग्यांचं काम सोडलं नाही, घर त्यावर चालतं. पण मालकाने पुढच्या गेमसाठी त्याला विचारलं आहे, आणि आता दर शनिवारी तो वही घेऊन माझ्या दुकानात येतो. खुर्ची गिऱ्हाइकाची, म्हणून तो कापडांच्या गठ्ठ्यावर बसतो. कुणाची चाल आवडली की आधी विचारतो. बहुतेक लोक लाजतात, मग हो म्हणतात. मागच्या शनिवारी एक निवृत्त हेडमास्तर कोट घट्ट होतो म्हणून आले होते. त्यांना विचारलं, तर ते कोट काढून सात वेळा दारापर्यंत चालून आले, आणि सातव्या फेरीनंतर धाकट्याची वही मागून घेऊन चष्मा लावून तपासायला बसले.